ताऱ्यांच्या गाभ्यातील अभिक्रिया प्रयोगशाळेत मोजतात म्हणजे नेमके काय मोजतात?

नभोवेध (धागाकर्ता)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ताऱ्यांच्या ऊर्जेचा विषय निघाला, की प्रोटॉन-प्रोटॉन साखळी आणि कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्र फळ्यावर लिहून दाखवण्यात अवघड असे काही नसते आणि विद्यार्थी ती समीकरणे पाठही करतात. या वर्षी मात्र एका विद्यार्थिनीने विचारले, की या अभिक्रिया किती वेगाने होतात हे कोणी प्रत्यक्ष मोजले आहे, की तेही सगळे कागदावरचे गणितच आहे? तिला मोघम उत्तर देऊन वेळ मारून नेण्याची माझी इच्छा नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारतो आहे.

सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आहे. एवढे तापमान निर्माण न करता तेथील अभिक्रिया प्रयोगशाळेत कशी पाहता येते? इटलीत ग्रान सासो येथे डोंगराच्या पोटात अशी मापने केली जातात असे वाचले आहे, पण अभिक्रिया आपल्याच यंत्रात घडवायची असेल तर डोंगराखाली जाण्याचे कारण काय? शिवाय बहुतेक लेखांमध्ये असा उल्लेख येतो, की जास्त ऊर्जेला मोजलेला आलेख खाली कमी ऊर्जेकडे वाढवून ताऱ्यासाठीचा आकडा काढतात. असा वाढवलेला आलेख कधी चुकीचा ठरला आहे का? विद्यार्थ्यांसमोर मांडता येईल अशा प्रत्यक्ष उदाहरणांसह कोणी लिहिले, तर आभारी राहीन.

आयनपथ

आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण तापमानाऐवजी ऊर्जेचा विचार केला की दूर होते. तापमान हे असंख्य कणांच्या समूहाचे वर्णन आहे. अभिक्रिया मात्र एका वेळी दोनच केंद्रकांत होते आणि तिचा निकाल त्या दोघांच्या सापेक्ष ऊर्जेवर ठरतो. म्हणून प्रयोगशाळेत वायू तापवत नाहीत. त्वरकातून ठरावीक ऊर्जेच्या आयनांचा बीम टार्गेटवर सोडतात, त्या ऊर्जेला अभिक्रियेचा क्रॉस सेक्शन, म्हणजे अभिक्रिया घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या एककात सांगणारी राशी, किती आहे ते मोजतात, मग ऊर्जा थोडी बदलून पुन्हा मोजतात. क्रॉस सेक्शन ऊर्जेप्रमाणे कसा बदलतो हे एकदा कळले, की हव्या त्या तापमानासाठी मॅक्सवेल-बोल्ट्झमन वितरण (कोणत्या ऊर्जेचे किती कण असतात ते सांगणारे सूत्र) लावून अभिक्रियेचा वेग काढणे हे साधे गणित उरते.

आता कोणत्या ऊर्जेला मोजायचे ते पाहू. सूर्याच्या गाभ्यात बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार सुमारे १.३ केईव्ही, म्हणजे १.३ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकाच येतो, तर दोन प्रोटॉनांमधील विद्युत प्रतिकर्षणाची भिंत काही शे केईव्ही उंच असते. अभिजात भौतिकशास्त्रानुसार सूर्य पेटायलाच नको. जॉर्ज गॅमो यांनी १९२८मध्ये अल्फा क्षयासाठी मांडलेले टनेलिंगचे स्पष्टीकरण येथे उलट्या दिशेने लागू पडते : कण भिंतीवरून न जाता तिच्यातून पार होऊ शकतो आणि ही शक्यता ऊर्जेबरोबर फार झपाट्याने वाढते. दुसरीकडे, जास्त ऊर्जेचे कण गाभ्यात झपाट्याने विरळ होत जातात. या दोन्हींच्या गुणाकाराला मधे कुठेतरी शिखर येते, त्याला गॅमो शिखर म्हणतात. सूर्यात ते दोन प्रोटॉनांसाठी सुमारे ६ केईव्ही, दोन हेलियम-३ केंद्रकांसाठी सुमारे २२ केईव्ही आणि प्रोटॉन व नायट्रोजन-१४ यांच्यासाठी सुमारे २७ केईव्ही इतक्या ऊर्जेला येते.

हे आकडे यंत्राच्या दृष्टीने अगदी लहान आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. जुन्या रंगीत दूरचित्रवाणी संचाच्या पिक्चर ट्यूबमध्ये वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असे, म्हणजे तेवढ्या ऊर्जेपर्यंत पोहोचणे ही अडचणच नव्हे. खरी अडचण अशी, की त्या ऊर्जेला अभिक्रिया जवळजवळ होतच नाही. दोन हेलियम-३ केंद्रकांचे उदाहरण घ्या. टनेलिंगचे सूत्र वापरून वर्गातच हिशेब करता येईल : ऊर्जा १०० केईव्हीवरून २० केईव्हीवर, म्हणजे फक्त पाचपटीने, खाली आणली की क्रॉस सेक्शन सुमारे साडेतीन कोटी पटीने घटतो.

नोंदींच्या संख्येत याचा अर्थ काय, तेही पाहू. समजा बीमचा प्रवाह ३०० मायक्रोअँपिअर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १.९ × १०^१५ आयन, आणि टार्गेटमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १०^१८ अणू आहेत. क्रॉस सेक्शन एक पिकोबार्न, म्हणजे १०^-३६ चौरस सेंटिमीटर असेल, तर दिवसाला सुमारे १६० अभिक्रिया होतील आणि त्यातील काहीच डिटेक्टरला दिसतील. क्रॉस सेक्शन याच्या पन्नासाव्या भागावर आला, तर दिवसाला जेमतेम तीन. तेवढ्या मोजक्या नोंदी खऱ्या आहेत आणि दुसऱ्या कशामुळे आलेल्या नाहीत, हे सिद्ध करणे म्हणजेच हे सगळे शास्त्र.

आलेख खाली वाढवण्याची पद्धतही येथूनच येते. क्रॉस सेक्शन थेट काढला तर इतका उभा कोसळतो, की त्यावर डोळा ठरत नाही. म्हणून त्यातील टनेलिंगचा ठाऊक असलेला भाग आणि ऊर्जेच्या व्यस्त प्रमाणात बदलणारा भाग वेगळा काढतात. उरते त्या राशीला एस-फॅक्टर म्हणतात. केंद्रकाच्या आतली जी गोष्ट गणिताने आधी कळत नाही, ती या राशीत असते. अनुनाद, म्हणजे ठरावीक ऊर्जेला अभिक्रिया एकदम वाढवणारी केंद्रकाची पातळी, नसेल तर ती संथपणे बदलते आणि रेषा खाली वाढवता येते. पण मोजलेल्या पट्ट्याच्या खाली एखादा अनुनाद दडलेला असेल, तर रेषेला त्याचा पत्ता लागत नाही.

क्षितिजा_पाषाण

आयनपथ यांनी पाया छान घातला आहे. डोंगराखालच्या प्रयोगाबद्दल मी लिहिते, कारण या विषयातील मला सर्वांत प्रिय असलेला प्रयोग तेथेच झाला.

जमिनीवरच्या कोणत्याही डिटेक्टरमध्ये वैश्विक किरणांतून निर्माण झालेले म्यूऑन हे भेदक कण सतत नोंदी करत राहतात. शिसे कितीही रचले तरी ते भेदून येतात, आणि शिशातच नवे न्यूट्रॉन व गॅमा किरण निर्माण करतात. दिवसाला तीन खऱ्या नोंदी शोधायच्या असतील तर हा गोंगाट मारक ठरतो. रोमच्या ईशान्येला, अपेनाइन पर्वतरांगेतील महामार्गाच्या बोगद्यालगत ग्रान सासो प्रयोगशाळेची दालने आहेत आणि त्यांच्यावर सुमारे १४०० मीटर खडक आहे. त्यामुळे तेथे म्यूऑनांचे प्रमाण पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे दहा लाख पटीने कमी होते. खडकातील नैसर्गिक किरणोत्सार मात्र राहतोच. पोटॅशियम-४०ची १.४६ एमईव्हीची (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) आणि थॅलियम-२०८ची २.६१ एमईव्हीची गॅमा रेषा तेथेही दिसते. पण त्यावर शिसे आणि तांबे हा उपाय चालतो, कारण भूगर्भात शिशावर आदळणारे म्यूऑन फारसे उरलेले नसतात. शिवाय अनेक अभिक्रियांतून ५ ते ७ एमईव्हीचे गॅमा किरण बाहेर पडतात आणि २.६ एमईव्हीच्या वरचा तो पट्टा तेथे कमालीचा शांत असतो.

या दालनांत ‘लुना’ या प्रकल्पाने १९९०च्या दशकात फक्त ५० हजार व्होल्टचा लहानसा त्वरक बसवला. लक्ष्य होते दोन हेलियम-३ केंद्रकांपासून हेलियम-४ आणि दोन प्रोटॉन देणारी अभिक्रिया, म्हणजे सूर्यातील मुख्य साखळीची शेवटची पायरी. त्यामागे मोठा प्रश्न होता. अमेरिकेतील होमस्टेक खाणीत रेमंड डेव्हिस यांना सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो (गाभ्यातील अभिक्रियांतून सुटणारे, क्वचितच अडणारे कण) अपेक्षेच्या जेमतेम एक-तृतीयांश मिळत होते. १९७२मध्ये विल्यम फाउलर यांनी, आणि स्वतंत्रपणे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी, सुचवले की या अभिक्रियेत अगदी कमी ऊर्जेला एखादा न सापडलेला अनुनाद असेल, तर हेलियम-३ जास्त प्रमाणात याच वाटेने संपेल, बेरिलियम-७ आणि बोरॉन-८कडे जाणारी शाखा क्षीण होईल आणि डेव्हिस यांना दिसणारे न्यूट्रिनो आपोआप कमी होतील. म्हणजे साऱ्या सौर न्यूट्रिनोंचे कोडे, कोणी न मोजलेल्या काही केईव्हीच्या पट्ट्यावर येऊन अडले होते.

प्रयोगातील एक बारकावा मुद्दाम सांगते. हेलियम-३चा बीम म्हणजे वस्तुमान ३ असलेले आयन. एक हायड्रोजन आणि एक ड्यूटेरियम मिळून बनलेल्या रेणूच्या आयनाचे वस्तुमानही ३च असते, त्यामुळे चुंबकाने निवड करूनही तो बीमसोबत थोडासा येतोच. त्यातील ड्यूटेरियम हेलियम-३शी अभिक्रिया करतो, तिचा क्रॉस सेक्शन कितीतरी मोठा असतो आणि तिच्यातूनही प्रोटॉनच बाहेर पडतो. खऱ्या अभिक्रियेत मात्र प्रोटॉन दोन असतात. म्हणून शेवटच्या टप्प्यात टार्गेटभोवतीच्या सिलिकॉन डिटेक्टरांपैकी दोघांत एकाच क्षणी प्रोटॉन आला, तरच ती नोंद ग्राह्य धरली. मोजलेल्या सर्वांत कमी, म्हणजे १६.५ केईव्ही ऊर्जेला क्रॉस सेक्शन सुमारे ०.०२ पिकोबार्न निघाला आणि नोंदी आल्या महिन्याला दोन या प्रमाणात.

हा निकाल १९९९मध्ये प्रसिद्ध झाला. सूर्याच्या गॅमो शिखराच्या पट्ट्यात प्रत्यक्ष मोजली गेलेली ही पहिली अभिक्रिया. अनुनाद तेथे नव्हता. न्यूट्रिनोंच्या तुटीचे कारण सूर्याच्या केंद्रकभौतिकीत शोधण्याची एक वाट बंद झाली आणि पुढे २००१-०२मध्ये कॅनडातील सडबरी वेधशाळेने दाखवले, की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात. महिन्याला दोन नोंदी मिळवण्यासाठी यंत्र चालवत ठेवणाऱ्या त्या लोकांबद्दल मला विलक्षण आदर वाटतो, कारण ‘येथे काही नाही’ हे इतक्या ठामपणे सांगता येण्यासाठी अनुनाद सापडला असता तर लागले असते तेवढेच कष्ट लागतात.

नभोवेध (धागाकर्ता)

आपण दोघांनीही इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. महिन्याला दोन नोंदींचे उदाहरण मी नक्की वापरणार आहे. क्षितिजाताई, या प्रयोगात वाढवलेली रेषा बरोबर निघाली असे दिसते. ती चुकल्याचे उदाहरण आहे का? आणि मूळ प्रोटॉन-प्रोटॉन अभिक्रिया, म्हणजे साखळीची पहिलीच पायरी, कोणी मोजली आहे का?

ऋणभार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो : नाही. दोन प्रोटॉनांपासून ड्यूटेरॉन बनताना एका प्रोटॉनाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो आणि ते काम क्षीण आंतरक्रियेचे असल्यामुळे क्रॉस सेक्शन इतका नगण्य आहे, की कोणत्याही त्वरकावर तो मोजलेला नाही. त्याचे मूल्य सिद्धांतातून काढतात. मात्र या ठिकाणी सिद्धांत भक्कम आहे, कारण त्यातील घटक न्यूट्रॉनचा क्षय, ट्रिटियमचा क्षय आणि प्रोटॉन-प्रोटॉन विकिरण (स्कॅटरिंग) अशा वेगळ्या, नीट मोजलेल्या गोष्टींवरून बांधलेले आहेत. विद्यार्थिनीला प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, पहिली पायरी गणिताची आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या मापनाच्या, असे सांगता येईल. सूर्य अब्जावधी वर्षे टिकतो तो याच पहिल्या पायरीच्या संथपणामुळे.

क्षितिजा_पाषाण

रेषा चुकल्याचे उदाहरण आहे आणि ते फार महत्त्वाचे आहे. कार्बन-नायट्रोजन-ऑक्सिजन चक्रातील सर्वांत संथ पायरी म्हणजे नायट्रोजन-१४ने प्रोटॉन पकडून ऑक्सिजन-१५ बनणे. साखळीतील सर्वांत संथ पायरीच चक्राचा एकूण वेग ठरवते, त्यामुळे या एका आकड्यावर सूर्याहून जड ताऱ्यांचे आणि म्हाताऱ्या होत चाललेल्या ताऱ्यांचे गणित अवलंबून आहे. १९८०च्या दशकातील मापनांवरून खाली वाढवलेल्या रेषेने शून्य ऊर्जेला एस-फॅक्टर ३ केईव्ही-बार्नच्या थोडा वर दिला होता. त्यात मोठा वाटा ऑक्सिजन-१५च्या मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, पातळीत थेट उतरणाऱ्या संक्रमणाचा धरला होता आणि त्यामागे, अभिक्रियेच्या उंबरठ्याच्या, म्हणजे शून्य सापेक्ष ऊर्जेच्या, सुमारे अर्धा एमईव्ही खाली असलेल्या एका पातळीचा प्रभाव होता. उंबरठ्याखालची पातळी थेट दिसत नाही. तिची फक्त शेपटी मोजमापाच्या पट्ट्यात डोकावते, आणि जास्त ऊर्जेच्या मोजमापांत ती ओळखणे कठीण असते.

लुनाने चार लाख व्होल्टच्या नव्या त्वरकावर हे मापन हाती घेतले. टँटलमच्या चकतीवर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन टार्गेट बनवले आणि पुढे खिडकी नसलेले वायूचे टार्गेटही वापरले. खिडकी नसलेले म्हणजे वायू आणि त्वरकाची निर्वात नळी यांच्यामध्ये कोणताही पडदा नाही, कारण एवढ्या कमी ऊर्जेचा बीम पडद्यातच अडकून पडेल. वायू नळीत शिरू नये म्हणून एकामागून एक पंपांच्या टप्प्यांनी तो खेचून घेतात. अशा वायूत आयनांचा विद्युतभार सतत बदलत राहिल्याने बीमचा प्रवाह नेहमीच्या पद्धतीने मोजता येत नाही, म्हणून बीम थांबवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यात किती उष्णता जमा झाली यावरून तो मोजतात. वायूच्या टार्गेटवर ७० केईव्हीच्या आसपास, दिवसाला दहा-बारा नोंदी इतक्या संथ गतीपर्यंत मापन नेण्यात आले.

२००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निकालात मूळ पातळीतील संक्रमणाचा वाटा अगदी लहान निघाला आणि एकूण एस-फॅक्टर जवळपास निम्म्यावर, सुमारे १.७ केईव्ही-बार्नवर आला. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनाच्या प्रयोगशाळेने जमिनीवरील स्वतंत्र मापनातून त्याला दुजोरा दिला. चक्र निम्म्या वेगाने चालते असे ठरताच गोलाकार तारकागुच्छांची वये सुमारे ७० कोटी ते १०० कोटी वर्षांनी वाढली आणि सूर्यातून या चक्राचे किती न्यूट्रिनो यावेत याचा अंदाज जवळपास निम्मा झाला. हे न्यूट्रिनो २०२०मध्ये बोरेक्सिनो प्रयोगाने प्रत्यक्ष टिपले, तेही ग्रान सासोच्या त्याच डोंगराखाली.

येथे एक गोष्ट लपवू नये : ७० केईव्ही म्हणजे सूर्याचे २७ केईव्ही नव्हे. मधला टप्पा आजही रेषेनेच पार केला जातो. फरक एवढाच, की आता रेषा खूप जवळून सुरू होते आणि तिच्या आकाराला कारणीभूत असलेल्या पातळ्या वेगळ्या प्रयोगांतून तपासलेल्या आहेत.

आयनपथ

क्षितिजा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून दोन गोष्टी लिहितो.

गॅमो शिखरात पोहोचल्यावरही मिळालेला आकडा जसाच्या तसा ताऱ्याला लावता येत नाही. प्रयोगशाळेतील टार्गेट अणूंचे असते आणि अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन केंद्रकाचे प्रतिकर्षण किंचित झाकतात. दोन हेलियम-३च्या बाबतीत सिद्धांतानुसार हा परिणाम अवघ्या २४० इलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे, पण टनेलिंग इतके संवेदनशील असते, की १६.५ केईव्हीला त्यामुळे क्रॉस सेक्शन सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला दिसतो. ताऱ्यातील मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे आच्छादन वेगळ्या प्रकारचे असते. म्हणून आधी प्रयोगशाळेचा परिणाम वजा करून उघड्या केंद्रकांचा आकडा काढावा लागतो, मग त्यावर ताऱ्यातील प्लाझ्माचा परिणाम चढवावा लागतो. काही अभिक्रियांत मोजलेली वाढ सिद्धांताने सांगितलेल्या कमाल मर्यादेहून जास्त आली आहे आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

दुसरी गोष्ट अशा अभिक्रियेची, जिच्या गॅमो शिखरापर्यंत अद्याप कोणालाही जाता आलेले नाही. कार्बन-१२ अल्फा कण (हेलियम-४चे केंद्रक) पकडून ऑक्सिजन-१६ बनतो ती ही अभिक्रिया. आधी हेलियमपासून कार्बन बनायला त्याच्या ७.६५ एमईव्हीच्या पातळीची मदत लागते. ती असलीच पाहिजे असे फ्रेड हॉइल यांनी सांगितले आणि १९५३मध्ये कॅल्टेकच्या केलॉग प्रयोगशाळेत ती सापडली. (हॉइल हे जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक, हे येथे अनेकांना ठाऊक असेल.) त्या कार्बनपैकी किती शिल्लक राहतो आणि किती ऑक्सिजनमध्ये जातो, हे ही दुसरी अभिक्रिया ठरवते. श्वेतबटूच्या अंतरंगातील कार्बन-ऑक्सिजनचे प्रमाण, जड ताऱ्यांचा शेवट, कृष्णविवरांच्या वस्तुमानांचे हिशेब, सगळे तिच्यावर येऊन थांबते. हेलियम जळताना तिचे गॅमो शिखर सुमारे ३०० केईव्हीला असते आणि तेथे क्रॉस सेक्शन १०^-१७ बार्नच्या आसपास असावा असा अंदाज आहे. लुनाने गाठलेल्या ०.०२ पिकोबार्नहून हे हजारो पटीने कमी आहे. थेट मापने सुमारे १ एमईव्हीच्या आसपास येऊन थांबतात. त्यातच ऑक्सिजन-१६च्या ६.९२ आणि ७.१२ एमईव्हीच्या दोन पातळ्या उंबरठ्याच्या किंचित खाली आहेत आणि त्यांच्या शेपट्या एकमेकींत मिसळतात.

म्हणून तेथे आडवाटा धरतात. लिथियमच्या बीममधून अल्फा कण कार्बनला ‘हस्तांतरित’ करून त्या दोन पातळ्यांची बांधणी मोजतात. नायट्रोजन-१६च्या बीटा क्षयानंतर सुटणाऱ्या अल्फा कणांवरून एका पातळीची शेपटी पाहतात. गॅमा किरणांनी ऑक्सिजन फोडून अभिक्रिया उलट्या दिशेनेही मोजतात. यांपैकी एकही पद्धत स्वतःच्या बळावर पुरेशी नाही, म्हणून सगळ्यांचे निकाल एकाच विश्लेषणात घालून ३०० केईव्हीचा आकडा आवळत आणतात.

थेट मापनाचे प्रयत्नही थांबलेले नाहीत. ग्रान सासोमध्ये आता ३५ लाख व्होल्टचा त्वरक आहे. चीनमध्ये जिनपिंग येथे सुमारे २४०० मीटर खडकाखाली, तर अमेरिकेत डेव्हिस यांच्याच होमस्टेक खाणीत अशी यंत्रे बसवली आहेत. आपल्याकडे कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये खास खगोलीय अभिक्रियांसाठी ‘फ्रेना’ हा ३० लाख व्होल्टचा त्वरक आहे. तो जमिनीवर आहे, त्यामुळे म्यूऑनांचा त्रास राहतो, पण बाहेर पडणारा कण विद्युतभारित असेल किंवा एकाच वेळी दोन कण टिपता येत असतील, तर जमिनीवरही पुष्कळ काम होते. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने उभा असलेला ‘पेलेट्रॉन’ हा त्वरक १४० लाख व्होल्टच्या क्षमतेचा आहे. सूर्याच्या ऊर्जांसाठी तो फार मोठा, पण वर सांगितलेल्या हस्तांतरण अभिक्रियांना लागणारे लिथियमसारखे बीम त्यातून मिळतात. आपले विद्यार्थी मुंबईच्या आसपासचे असतील, तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास संस्थेकडे चौकशी करून पाहावी. पेलेट्रॉनचा उभा मनोरा आणि बीम वळवणारे चुंबक प्रत्यक्ष पाहिल्यावर वरचा साडेतीन कोटी पटीचा हिशेब मुलांना करायला द्यावा.